पाट्या वेगळ्या, आतलं दुकान एकच

माझं गावात रिचार्ज, झेरॉक्स अन ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात, हायवेपासून बरंच आत. दिवसभर लोकं येतात, फोन काउंटरवर ठेवतात अन म्हणतात, "पाह्य ना भाऊ, याले का झालं तं." त्याच्यामुळं कसं होतं, प्रत्येकाला आपापला एक फोन दिसतो अन मला अख्ख्या गावाचे दिसतात. आणि एवढे फोन पाहिले की एक गोष्ट डोळ्यात भरते. पैसे पाठवायचं ॲप, इंग्रजी शिकायचं, साड्या विकायचं, पावलं मोजायचं, शेअरचं, धंदे सगळे वेगळे, पण आत शिरलं की सगळीकडं तेच फिरणारं चक्र, तीच नाणी, तोच लाल ठिपका अन तेच 'उद्या पुन्हा या'.

हे असं काऊन आहे ते मी माझ्या परीनं सांगतो. मी काही इंजिनिअर नाही, पण वाचत राहतो, अन दुकानात बसून पाहत राहतो.

मागच्या हंगामात एक काकाजी आले. ऐन डवरणीचे दिवस, फोन हँग होऊन राहिला म्हणे. पाहतो तं मेमरी फुल, अन आत एक शेतीचा गेम. काकाजीचं खरं वावर सात एकर, अर्ध्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी अन अर्ध्यात तूर, आणि हे फोनमधलं आठवं एकर, त्यात गहू, गाजर, टमाटर. मी म्हटलं हा गेम काढून टाकतो, जागा होऊन जाईल. तं त्यांनी माझा हातच धरला. "थांब थांब, सांजच्याले गहू काढाचा हाये त्याच्यातला, नाही काढला तं वाळून जाईन." तिकडं खऱ्या वावरात निंदायला बाया मिळून नव्हत्या राहिल्या, गवत पऱ्हाटीच्या वर गेलं होतं, अन माणूस फोनातल्या गव्हासाठी कासावीस. मी हसलो, पण गेम काही डिलीट केला नाही, व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंगवाले फोटो डिलीट केले अन फोन परत दिला.

ही युक्ती जुनी आहे. फार्मव्हिल नावाचा गेम जून २००९ मध्ये फेसबुकवर आला, झिंगा कंपनीचा, अन वर्षभराच्या आतच महिन्याला ८ कोटींच्या वर लोकं तो खेळत होते. खेळात होतं काय, तं पेरायचं, थांबायचं, काढायचं. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार, बाकीच्या पिकांचा टाईम वेगळा, पण वेळेवर आलं नाही तं पीक वाळणार. म्हणजे तुम्ही पेरलं त्या क्षणीच परत कधी यायचं हे तुमच्याच हातानं ठरलं. त्या धंद्यातले लोक याला अपॉइंटमेंट म्हणतात, डॉक्टरकडची असते तशी. आता बाप्पा, हे कास्तकाराला कोणी शिकवायची गरज आहे का? आपण पेरलं की आपण पाहायला जातोच, कोंब निघाला का, डुकरं तं नाही आली, उगाच सुद्धा जातो, धुऱ्यावर उभं राहून पाहतो अन परत येतो. जिथं हातानं काही लावलं तिथं पाय आपोआप वळतो, एवढंच त्यांनी उचललं.

पण ते गेमपुरतं राहिलं नाही, खरी गंमत पुढं आहे. चीनमधी अलिपे नावाचं पैसे पाठवायचं ॲप आहे, आपल्या यूपीआय ॲपसारखं. त्यांनी २०१६ मध्ये आत एक झाड लावायचा खेळ टाकला. पायी चाला, बिलं ऑनलाईन भरा, त्याचे हिरवे गुण मिळतात, पण ते गुण पिकायला वेळ लागतो, अन पिकल्यावर तुम्ही लवकर तोडले नाही तं तुमचा दोस्त येऊन चोरून नेऊ शकतो. गुण पुरेसे झाले की कंपनी कुठंतरी वाळवंटाकडं खरंखुरं झाड लावते. मग पिनदुओदुओ, ते सामान विकायचं ॲप, त्यांनी फळबाग काढली. फोनमधल्या झाडाला पाणी टाकायचं, पाणी मिळवायला ॲपमधी फिरायचं, खरेदी करायची, दोस्तांना बोलवायचं, अन झाडाला फळं लागली की घरी खऱ्या फळांची पेटी येते. आमच्या वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्याला हे सांगितलं तं तो म्हणेल, भाऊ, आम्ही पाच-सहा वर्ष पाणी टाकतो, फवारतो, अन आंबिया बहार गळून जाते, आम्हाले पेटी कोण आणून देते?

तं पाहा, एक गेम, एक बँकेसारखा धंदा अन एक बाजार. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण तिघांनीही माणसाच्या हातात एक रोपटं दिलं. बाकीच्या ॲपमधी रोपटं दिसत नाही, पण असतं. तुम्ही केलेली कमाई, जोडलेले दोस्त, साचवलेली नाणी, भरलेलं प्रोफाईल, हे सगळं पेरलेलंच आहे, अन पेरलेलं सोडून जाणं जिवावर येतं.

आता दुसरी गोष्ट, अन मला वाटतं ही सगळ्यात भारी. आमच्याकडं सट्टापट्टी, म्हणजे आकड्यावर पैसे लावायचा जुगार, कोणाला माहीत नाही असं नाही. सट्टापट्टीवाला रोज जिंकत नाही, रोज जिंकला असता तं ती नोकरी झाली असती, अन रोज हरला असता तं चार दिवसात सुटली असती. कधी लागेल हे माहीत नसणं, त्यातच सगळा जीव आहे. स्किनर नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ होता, त्यानं उंदीर अन कबुतरं पेटीत ठेवून हेच मोजून पाहिलं, फर्स्टर नावाच्या सहकाऱ्यासोबतचं त्याचं मोठं काम १९५७ मध्ये छापून आलं. कबुतरानं चोच मारली की दाणा. आता दाणा जर ठरलेल्या टोच्यांनंतर दिला, समजा दर पन्नास टोच्यांनी एक, तं कबुतर दाणा खाऊन जरा थांबते, आराम करते, मग पुन्हा लागते. पण दाणा कधी दहाव्या टोच्याला, कधी नव्वदाव्या, कधी लगेच, असा बेभरवशाचा केला तं ते थांबतच नाही. अन दाणा पुरता बंद केला तरी बेभरवशाची सवय लागलेलं पाखरू लय उशिरापर्यंत टोचत राहते.

हे डोक्यात ठेवून आपलं स्क्रॅच कार्ड पाहा. गुगल पे भारतात सप्टेंबर २०१७ मध्ये तेज नावानं आलं, अन पैसे पाठवल्यावर कार्ड घासायचं, कधी पाच रुपये, कधी एकवीस, कधी बेटर लक नेक्स्ट टाइम. त्यांनी सरळ प्रत्येक वेळी दोन रुपये देले असते तं कोणी ढुंकून पाहिलं नसतं. मग २०१९ ची दिवाळी आठवा, दिवा, झुमका, फूल, कंदील अन रांगोळी अशा पाच स्टँप जमवायच्या होत्या अन २५१ रुपये मिळणार होते. चार सगळ्यांकडं अन रांगोळी कोणाकडंच नाही. माझ्या दुकानात लक्ष्मीपूजनाला लोकं उदबत्ती घ्यायला येत अन विचारत, रांगोळी हाये का? मी पुडी काढायला वळायचो तं म्हणायचे, "ते नाही बे, फोनातली." पुण्याच्या मामाले, नागपूरच्या साळ्याले फोन लागत होते. तेवढ्यासाठी कितीक जणांनी एकमेकांना पस्तीस-चाळीस रुपये इकडून तिकडं फिरवले, तेच तं पाहिजे होतं. तमिळनाडूत अशा बक्षीस योजनांना बंदी घालणारा १९७९ चा कायदा आहे, म्हणून तिथल्या लोकांना ही घासायची कार्डं मिळत नव्हती. म्हणजे तिथल्या कायद्याच्या नजरेत हे लॉटरीच्याच वळणाचं.

तोच दाणा रीलमधी आहे. वर सरकवलं, फालतू, पुन्हा सरकवलं, फालतू, तिसरं असं निघते की माणूस एकटाच हसते. सगळेच रील भारी असते तं पोट भरलं असतं. वरून ते संपतही नाही, अन हे न संपणं पण कोणीतरी बनवलेलं आहे, अझा रास्किन नावाच्या माणसानं २००६ मध्ये, अन पुढं त्यानंच त्याबद्दल वाईट वाटते असं जाहीर सांगितलं. आधी पान संपायचं, 'पुढचं पान' दाबावं लागायचं, तेवढ्यात माणसाला आठवायचं की गॅसवर दूध आहे. लग्नाच्या पंगतीत जसा हुशार वाढपी तुम्ही पुरे म्हणायच्या आत बुंदी टाकून पुढं निघून जाते, तसं झालं ते.

तिसरं म्हणजे साखळी, ज्याला पोट्टे स्ट्रीक म्हणतात. स्नॅपचॅटवर दोन दोस्तांनी रोज एकमेकांना फोटो पाठवायचा, एक दिवस चुकला की आकडा शून्य. डुओलिंगो, ते घुबडवालं भाषा शिकायचं ॲप, त्यातही साखळीच, अन तुटू नये म्हणून 'फ्रीझ' नावाची सुट्टी मिळते. कानेमान अन त्वेर्स्की या दोघांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद होते त्याच्यापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख जास्त टोचते. साखळी बरोबर तिथंच बोट ठेवते. पहिल्या दिवशी तुम्ही काही मिळवायला येता, साठाव्या दिवशी फक्त गमवायचं नाही म्हणून येता. माझा पुतण्या बारावीत आहे, इंग्रजी शिकते फोनवर, कोणतं ॲप ते जाऊ द्या, शहाण्णव दिवस झाले म्हणून घरभर सांगत होता. मी एक दिवस पाहिलं तं रात्री पावणेबाराला पांघरुणात तोंड घालून तो सगळ्यात सोपा पहिलाच धडा पुन्हा करून राहिला होता, 'ॲपल' म्हणजे सफरचंद. साखळी वाचली. इंग्रजी जिथं होती तिथंच.

पण त्याले हसायचा मला हक्क नाही, कारण माझे स्वतःचे दहा हजार पावलांचे एक्केचाळीस दिवस चालू होते. दहा हजार हा आकडा तरी कुठून आला, तं १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच जपानीत 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. आकडा गोल होता, लक्षात राहायचा, म्हणून ठेवला. कोण्या डॉक्टरनं आधी मोजून ठरवलेला नव्हता. त्या आकड्यासाठी मी रात्री अंगणात येरझारा घालायचो.

प्रोफाईल ७० टक्के पूर्ण, ही पट्टी तुम्ही पाहिलीच असेल. २००६ मध्ये अमेरिकेत गाड्या धुवायच्या सेंटरवर एक प्रयोग झाला. काही लोकांना कार्ड देलं, आठ शिक्के जमवा, एक धुणं फुकट. बाकीच्यांना दहा शिक्क्यांचं कार्ड देलं पण दोन आधीच मारून. दोघांनाही आठच मिळवायचे होते. पहिल्यातले १९ टक्के शेवटपर्यंत आले, दुसऱ्यातले ३४ टक्के. म्हणून ॲप उघडल्या उघडल्याच पट्टी थोडी भरलेली असते, तुम्ही काही केलं नसलं तरी.

मग हे सगळे एकसारखे का झाले? एक कारण तं साधं आहे, एका कंपनीतले लोकं दुसऱ्या कंपनीत जातात अन डोक्यातलं घेऊनच जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांनी १९९८ मध्ये एक प्रयोगशाळाच काढली होती, कॉम्प्युटरनं माणसाची सवय कशी बदलता येते त्याच्यासाठी, अन इन्स्टाग्राम काढणाऱ्या दोघांपैकी माईक क्रिगर त्यांच्याकडं शिकलेला. फॉग म्हणतात, माणूस एखादी गोष्ट करते तेव्हा तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात, इच्छा, सोपेपणा अन इशारा. फोन वाजला हा इशारा, एक बोट लावायचं हा सोपेपणा, अन इच्छा तं आपल्याकडं भरपूर आहे.

पण खरं कारण मला मोजमापात दिसते. दूध डेअरीत कसं, गावात म्हशीवाले किती याच्यापेक्षा रोज दूध घालणारे किती यावर डेअरी चालते. ॲपवाले पण तेच पाहतात, महिन्यात शंभर वेगळी माणसं आली, त्यातले रोजचे किती. रोजचे भागिले महिन्याचे, इंग्रजीत डीएयू भागिले एमएयू असं म्हणतात ते. पैसे लावणारे शेठ लोकं हा आकडा मागतात. एकदा का सगळ्या धंद्यांना एकाच काट्यावर तोललं की सगळे एकाच वाणाचे होणार. नाहीतर मला सांगा, बियाणं मी वर्षातून दोनदा घेतो, मग एका बियाणं-खतं विकणाऱ्या ॲपमधी रोज हजेरी लावली की एक नाणं, असं काऊन आहे? मी रोज येऊन तिथं करू काय, सोयाबीनच्या बॅगेचा फोटो पाहू? तिथं आता छोटे व्हिडिओ पण टाकले आहेत, तुरीच्या भावाच्या खाली कोणीतरी नाचून राहिलं असते. अन कोणतं बटन हिरवं ठेवायचं की लाल, हे कोणी साहेब बसून ठरवत नाही, अर्ध्या लोकांना हे दाखवतात अर्ध्यांना ते, ज्याच्यात जास्त लोकं परत आले ते राहते. रोज हजारो कबुतरांवर प्रयोग, अन कबुतराला पत्ताच नाही.

पैशाच्या ॲपमधी हे आलं की मात्र मला भीती वाटते. अमेरिकेत रॉबिनहूड नावाचं शेअरचं ॲप आहे, त्यात आधी काही सौदे केले की स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडायचे, वाढदिवसासारखे. लय टीका झाली तेव्हा मार्च २०२१ मध्ये त्यांनी ते काढून टाकलं. आपल्याकडं सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सप्टेंबर २०२४ मध्ये हिशोब मांडला, तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढं भाव काय होईल यावर पैसे लावायच्या सौद्यांत, उतरलेल्या एक कोटीच्या वर साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आमच्या चौकात आधी फोनवर पैसे टाकून क्रिकेटच्या टीमा लावणारी पोट्टी बसायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा केला, टीमा बंद झाल्या. त्यातल्या एकाला मी विचारलं, आता काय करतं? म्हणे, "आता शेअरचा चार्ट पाह्यतो." तेच हिरवं-लाल, तोच पारावरचा कट्टा, फक्त नाव बदललं.

सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या मायला शुगर आहे, गोळीची आठवण करणारं ॲप लावून देलं, तिथंही साखळीच आहे, पण साखळी टिकली तं फायदा तिलाच. पाहायचं एवढंच की मी रोज आलो तं भलं कोणाचं होते. अन जिथं युक्ती संपून फसवणूक सुरू होते तिथं आता नाव पण आहे, डार्क पॅटर्न. हा शब्द हॅरी ब्रिग्नल यानं २०१० मध्ये काढला, अन आपल्या सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला असे १३ प्रकार नियमात लिहून टाकले. खोटी घाई करायची, टोपलीत न विचारता दान नाहीतर विमा टाकायचा, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लाज वाटेल असं बटन द्यायचं, चालू करायला एक टिचकी अन बंद करायला सात पानं, हे सगळं त्यात आहे. एक वहिनी साडी घ्यायला दुकानात आल्या, पैसे कटून नव्हते राहिले. स्क्रीनवर उलटं घड्याळ, ऑफर संपायला नऊ मिनिटं, वहिनीचा जीव वर-खाली. मी ॲप पुरतं बंद करून पुन्हा उघडलं, घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर. तीनदा करून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आठवडी बाजारातला शेवटचा-शेवटचा ओरडणाराच झाला का हा." हो. अशी तक्रार १९१५ या नंबरवर करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे ती.

दुकानात मी आता एक करतो, कोणी फोन स्लो झाला म्हणून आणला की विचारून नोटिफिकेशन बंद करून देतो. त्याच्यात काही विद्या नाही, आलेली सूचना बोटानं दाबून धरायची की बंद करायचा पर्याय येते. बँक, फोन, मेसेज अन हवामान तेवढं चालू. अन यूपीआय ॲपमधी ऑटोपे उघडून पाहायचं, निम्म्या लोकांना माहीतच नसते की महिन्याला काहीतरी कटून राहिलं. त्या गव्हावाल्या काकाजींचंही बंद करून देलं होतं. आठ दिवसांनी आले, "भाऊ, ते चालू करून दे, चैन नाही पडून राहिलं." देलं करून, त्यांचा फोन आहे.

अन माझं म्हणाल तं दिवाळीनंतरची गोष्ट, हरभऱ्याचं ओलीत चालू होतं, आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईन. साडेदहाला मी अंगणात येरझारा घालत होतो, सात हजार झाले होते. बाबा बाजेवरून म्हणाले, "इतका फिरूनच राहिला तं वावरात जाऊन मोटर चालू करून ये." गेलो. जाऊन-येऊन चार किलोमीटर, वर पाईप बदलायला चिखलात तासभर तुडवातुडव, पाय गार पडले. बारा वाजून गेल्यावर घरी आलो, पाहतो तं फोन चार्जिंगलाच लावलेला, घरीच. स्क्रीनवर सात हजार बारा, अन खाली लिहिलेलं, तुमची ४१ दिवसांची साखळी तुटली. मी चिखलाच्या पायानं तसाच उभा राहिलो, अन खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं मला.